दोष पिंपाचा, बोल बाईला



पावसाळा आला की आरोग्य खात्याची माणसं वस्तीत फिरतात, पिंपात बॅटरी मारून पाहतात आणि अळ्या दिसल्या की घरातल्या बाईला बोल लावतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतात. सल्ला चुकीचा नाही. पण जिथे नळाला चार-चार दिवस पाणी नाही, तिथे पिंप रिकामं करून परत भरायचं कशानं? आणि डासाच्या रोगाचा सगळा मामला घरातल्या भांड्यापाशीच संपतो, हे तरी खरं आहे का? चिकुनगुन्याची हकीकत काही वेगळंच सांगते.

१९७३ साली बार्शीत ही साथ आली ती घरच्या साठवणीच्या पाण्यात वाढणाऱ्या एडिस इजिप्ती डासामुळे. पुढे तीसेक वर्षं आपल्याकडे या रोगाचा जवळपास विसरच पडला. मग २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तो उसळला आणि तिथल्या साधारण एक तृतीयांश लोकांना झाला. गंमत अशी, की त्या बेटावर इजिप्ती डास फारसा नाहीच. तिथे आहे तो त्याचा झाडाझुडपांत रमणारा भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. सुमारे बारा हजार अक्षरांच्या त्याच्या जनुकीय मजकुरात एक अक्षर बदललं आणि बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनात, २२६व्या जागी, ॲलनिनऐवजी व्हॅलिन आलं. एवढ्यानं अल्बोपिक्टसच्या आतड्यात त्याला सहज शिरकाव मिळाला. साथीच्या सुरुवातीच्या नमुन्यांत हा बदल नव्हता, नंतरच्या बहुतेकांत होता. विषाणूला काही हेतू नसतो. जी चूक त्या डासात फावली, ती पसरली.

भारतात २००६ साली सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्रातलेही त्यात होते. तेव्हाच्या विषाणूत हा बदल नव्हता. २००७ मध्ये केरळात मात्र तो स्वतंत्रपणे झालेला आढळला. तिथल्या रबराच्या मळ्यांत चीक धरायच्या करवंट्यांत पावसाचं पाणी साचतं, त्यात अल्बोपिक्टस वाढतो. या करवंट्या कुठल्या गृहिणीच्या स्वयंपाकघरातल्या नाहीत!

ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र महिनोन् महिने धरून राहतात. हे रेंगाळणारं दुखणं बायकांत अधिक, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला ताप असला तर बाळालाही लागण होऊ शकते, हे रियुनियनच्या साथीतच ध्यानात आलं. साथीचे आकडे मोजतात ते तापाचे. मूठ वळत नाही म्हणून धुण्याभांड्याची कामं सुटलेली बाई त्यात कुठे दिसणार?

म्हणून आपापल्या गटात एवढं करा. ताप येऊन गेलेल्या बायकांचे सांधे किती महिने दुखले, किती दिवसांची मजुरी बुडाली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि घराबाहेर, बांधकामावर, मळ्यात, कारखान्याच्या आवारात पाणी कुठे साचतं, हे लिहून काढा. वॉर्डाच्या सभेत ते मांडा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा.