रडीचा डाव आणि अवघड गडी



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, जयंतीला पोरे नाटक बसवतात. बाकीच्या रविवारी काय? आमच्या नांदेडच्या वस्तीत याचे उत्तर ‘मोबाईल’ एवढेच होते. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून आमचा भाचा आला आणि वंदना झाल्यावर त्याने विहारातल्या टेबलाभोवती पोरांना बसवून एक खेळ मांडला. तो खेळ अजून चालू आहे. तो चालवताना आम्हाला जे टक्केटोणपे बसले ते आज सांगतो. मंडळात, बचत गटात, विहारात चार माणसे जमवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडावेत.

खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. पाच-सहा गडी, कागद, पेन्सिल आणि दोन फासे. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तू काय करशील?’ ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचे. काम कठीण असले तर फासा टाकायचा. पडेल तसे यश. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने असा खेळ बाजारात आणला. तिकडच्या खेळात राक्षस आणि जादूगार असतात. आमच्या भाच्याने मात्र लातूर घेतले, तेही २०१६ सालचे.

ते वर्ष आपण विसरलेलो नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. भाचा तेव्हा लहान होता, आईबरोबर घागर घेऊन रांगेत उभा राहिलेला. म्हणून त्याच्या खेळात रांगेतली बाई आहे, टँकरमालक आहे, नळाला पाणी सोडणारा कर्मचारी आहे, नगरसेवक आणि पत्रकार आहे. पाणी थोडे, माणसे फार. आता वाटा.

सुट्टी संपली, भाचा परत गेला आणि सूत्रधाराची खुर्ची आमच्याकडे आली. तेव्हा कळले की खेळ सोपा आहे, गडी अवघड आहेत.

पहिला बोलघेवडा. पाळी कुणाचीही असो, उत्तर हाच देणार. त्याला ‘गप्प बस’ म्हणून भागत नाही, तो रुसून बसतो. आम्ही रीत घातली की फासे ज्याच्या हातात, बोलणे त्याचे. फासे हातोहात फिरू लागले तसा त्याचा तोंडपट्टा आपोआप आवरला.

दुसरा रडीचा डाव खेळणारा. फासा टाकतो आणि कुणी पाहण्याआधी उचलून ‘सहा पडले’ म्हणतो. त्याला चारचौघांत लबाड म्हणू नका. आम्ही मधोमध स्टीलची ताटली ठेवली. फासा ताटलीत पडला आणि सगळ्यांनी पाहिला तरच धरायचा. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाचा अपमान होत नाही.

तिसरी मुकी गडी. एक पोरगी चार रविवार नुसती बसून राही. आम्ही तिला नळाला पाणी सोडणाऱ्याचे पात्र दिले आणि एका चिठ्ठीवर लिहून दिले की कोणत्या गल्लीला आज पाणी सुटणार. ते तिलाच ठाऊक. मग सगळेच तिला विचारू लागले, आणि तिला बोलावेच लागले.

चौथा नियमांवर वाद घालणारा. दर पाच मिनिटाला याची हरकत. आम्ही वैतागून त्याला काढणारच होतो. पण बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण पुन्हा वाचले आणि हात आवरला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ह. वि. कामत, आपले विदर्भाचे पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशी मंडळी सतत हरकती घेत. बाबासाहेबांनी त्यांची नावे घेऊन आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, पण त्यांच्यामुळेच संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, असा त्यांचा आशय होता. मग आम्ही त्या पोराला एक वही दिली. डाव चालू असताना सूत्रधाराचा शब्द अखेरचा. हरकत वहीत लिहायची आणि डाव संपल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवायचे. त्याच्या तीन हरकती आज आमच्या खेळाचे नियम आहेत.

इथपर्यंत सारे हसतखेळत होते. पुढचे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

टँकरमालकाचे पात्र सतरा वर्षांच्या एका मुलाकडे होते. तो दिवसभर गॅरेजवर राबतो. रांगेतल्या बाईचे पात्र अकरावीतल्या एका मुलीकडे. ती म्हणाली, “लेकरू तापानं फणफणलंय, एक घागर तरी द्या.” त्याने तिला आधी हात जोडायला लावले, मग पाया पडायला सांगितले, आणि मग असे काही बोलला, जे आपल्या आयाबहिणींनी गावच्या विहिरीवर ऐकलेले आहे. पोरे हसली. आम्हीही हसलो आणि म्हणालो, “चला, टाका फासा.”

पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी तिची आई वंदनेला आली तेव्हा आम्ही विचारले. ती माउली शांतपणे म्हणाली, “भाऊ, बाहेर ऐकायचं ते ऐकतोच की. विहारात बी तेच ऐकायचं असंल तर लेकीला कशाला पाठवू?”

त्या दिवशी घास गिळवला नाही. पोराने तोंड सोडले होते हे खरे, पण खुर्चीवर आम्ही होतो. म्हणून पहिल्यांदा त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिच्यासमोर आपली चूक कबूल केली.

मग त्या मुलाकडे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात सांगितले आहे की दुसऱ्याचा दोष दाखवणाऱ्याने पाच गोष्टी सांभाळाव्यात: वेळ पाहून बोलावे, खरे तेच बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. आम्ही गॅरेज बंद व्हायच्या वेळी गेलो, त्याला एकट्याला चहाला नेले. तो म्हणाला, “काका, खेळातलंच होतं की. टँकरवाला असाच राहतोय.” आम्ही म्हणालो, “टँकरवाला तसा असंल बाबा. पण समोरची पोरगी कागदावरची नव्हती, आपल्या गल्लीतली होती.” तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दिवसभर मलाच कुणीतरी बोलायलंय. तिथं पहिल्यांदा मी मालक झालतो.”

आम्हाला त्याची कीव आली. पण त्याच्या दुःखाची भरपाई त्या पोरीने का करावी? एक डाव त्याने बाहेर बसायचे आणि तिची माफी मागायची, असे ठरले. यायचे की नाही ते तिने ठरवायचे. आणि सगळ्यांसाठी एक नवा नियम झाला: ज्याला कुणाला प्रसंग सोसवत नाही त्याने ताटली पालथी घालावी. खेळ तिथेच थांबतो. कारण कुणी विचारायचे नाही.

त्याने माफी मागितली. ती आली, पण अट घालून आली: टँकरमालक ती होणार आणि घागर घेऊन रांगेत तो उभा राहणार. त्या दिवशी तिने त्याला एकही वाकडा शब्द बोलला नाही. फक्त सगळ्यांना थांबवले तसेच त्यालाही थांबवले. तो आता कधी येतो, कधी येत नाही. आला तर नीट वागतो.

सगळेच असे सुधारत नाहीत. कोसंबीत भिक्खूंचे भांडण भांड्यात उरलेल्या पाण्यावरून लागले. तथागतांनी समजावले, तरी त्यांनी ऐकले नाही, तेव्हा ते पारिलेय्यक वनात निघून गेले. उपासकांनी त्या भिक्खूंना दान-मान देणे थांबवले तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. एका गड्याला आम्ही तीनदा समजावले आणि शेवटी येऊ नकोस म्हणून सांगितले. त्याच्या वडिलांनी आमच्याशी बोलणे कमी केले आहे. तेवढे सोसावे लागते. एकाला सांभाळण्यापायी चार गप्प पोरी घरी बसत असतील तर तो सांभाळ नव्हे.

हे खेळापुरतेच आहे का? आपल्या मंडळाच्या बैठका आठवा. एक जण तासभर बोलतो, एक जण हिशेब झाकतो, हरकत घेणाऱ्याला फुटीर ठरवतो, आणि बाया सतरंजीच्या कडेला गप्प बसतात. बाबासाहेबांनी त्याच भाषणात दाखवून दिले होते की ठराव कसा मांडावा, मत कसे मोजावे याचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. तो वारसा आपला आहे. पोरांनी तो टेबलाभोवती गिरवला तर उद्या बैठकीत वापरतील.

दोन फासे, एक ताटली, एक वही. खर्च पन्नास रुपयांच्या आत. पण डाव मांडण्याआधी नियम ठरवा, आणि पोरे हसली म्हणून सूत्रधाराने हसू नये.

जयभीम.