मॅन्युअल मराठीत आणताना

मशीन चालवणारा लातूर-बीडकडचा, मशीन मात्र जर्मनी, जपान नाहीतर कोरियाचे. भोसरीपासून चाकण-म्हाळुंगेपर्यंतच्या कारखान्यांत हे नेहमीचेच. मॅन्युअल इंग्रजीत येते. 1948 च्या कारखाना अधिनियमातील कलम 108 नुसार सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक होते. मॅन्युअलला ते कलम लागू नव्हते. त्यामुळे मराठी प्रत ऑडिट तोंडावर आले की आठवते, आणि काम जाते डीटीपीवाल्याकडे.

तिथेच घोळ होतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये पडद्यावर ‘कुलूप’ दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की नुसता कचरा दिसतो, आणि शोध घ्यायला गेले तर काही सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. आता तरी सबब चालू नये.

मग वर्ड पुरेसे नाही का? चार पानांच्या एसओपीला आहे. दोनशे पानांच्या मॅन्युअलमध्ये ‘झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कुलूप लावा’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. तीन जणांनी काम वाटून घेतले की एकीकडे कुलूप, दुसरीकडे लॉक, तिसरीकडे नुसतेच ‘बंद करा’. ही चूक शैलीची नव्हे, हात तुटण्याची आहे. ओमेगा-टीसारखे मोफत साधन मजकूर वाक्यावाक्याने समोर ठेवते आणि आधी केलेला अनुवाद आपणहून सुचवते. स्टुटगार्टमध्ये 1984 साली सुरू झालेल्या ट्राडोसचे सॉफ्टवेअरही हेच करते, फक्त पैसे मोजून. छोट्या व्हेंडरने आधी मोफतचे वापरून पाहावे.

मशीनच्या स्क्रीनवरचे अलार्म हा वेगळाच ताप. त्यांची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्हीत सेव्ह केली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. अशा फाइलला नोटपॅड प्लस प्लस बरे. एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे की नाही, ते खाली कोपऱ्यातच दिसते.

अर्थात, साठवलेला अनुवाद चुकीचा असेल तर हीच साधने ती चूक इमानेइतबारे दोनशे पानांत पेरतील. म्हणून पहिली प्रत मेन्टेनन्सच्या माणसाने मशीनशेजारी उभे राहून वाचलीच पाहिजे.

पर्चेस विभागाने पुढच्या ऑर्डरमध्ये एवढे तरी लिहावे: मजकूर युनिकोडमध्ये हवा, आणि पीडीएफबरोबर मूळ फाइल व साठवलेल्या अनुवादाची टीएमएक्स फाइलही मिळाली पाहिजे.