गाडी बघण्याचा कार्यक्रम

गेले तीन आठवडे आमच्या घरात 'बघण्याचा कार्यक्रम' हा एकच विषय होता. मुलगी बघण्याचा नव्हे हं, गाडी बघण्याचा! चिरंजीव डिप्लोमा करून कागलच्या एमआयडीसीत लागले, त्याला दोन वर्षं झाली. हाताशी थोडे पैसे साठले आहेत. मग चार माणसं बसतील अशी साधीसुधी गाडी बघावी की नाही? पण नाही. त्याच्या मनात भरली होती २०१४ सालची, टर्बो पेट्रोल इंजिनाची 'पळणारी' गाडी. सव्वाचार लाखांत मिळत होती. "आणि आई, फक्त थोडं काम आहे गं!"

हे 'थोडं काम' ऐकलं की माझे कान टवकारतात. न्हाणीघरातल्या दोन फरशा बदलायला आलेला गवंडी पंधरा दिवस मुक्काम ठोकतो, तेही सुरुवातीला थोडंच काम असतं. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

आता मला का विचारलं, तेही सांगते. दीड लाख कमी पडत होते आणि माझ्या नावावरच्या ठेवीची मुदत संपत आली होती. एरवी गाडीच्या गोष्टीत आम्हा बायकांना विचारतंय कोण? रंग कुठला घ्यायचा एवढं विचारतात, तोही जुन्या गाडीत आधीच ठरलेला!

आमचे हे म्हणाले, "घेऊ दे त्याला. हौसेला मोल नसतं." मला हे वाक्य लहानपणापासून खटकतं. मोल असतं, चांगलं रोख असतं. फक्त ते कुणी मोजत नाही, आणि मग घरातल्या दुसऱ्याच कुणालातरी चुकतं करावं लागतं.

मी बचत गटांचं काम करते. करवीर तालुक्यातल्या वाड्यांवर माझं जाणं-येणं असतं. गटात कुणी म्हशीसाठी कर्ज मागायला आली की म्हशीची किंमत आम्ही सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, चारा कुठला? म्हैस आटली की हप्ता कशातून भरणार? आजारी पडली तर डॉक्टरचे पैसे बाजूला आहेत का? तिन्हीची उत्तरं जिच्याकडे असतात, तिचा गोठा सहसा टिकतो. मुलालाही मी हेच तीन प्रश्न घातले. तो हसायला लागला. "आई, ही म्हैस नाहीये." म्हटलं, "खरंय बाबा. म्हैस दूध तरी देते."

शेवटी ठरलं, की आमच्या ओळखीच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रीमामांना घेऊन जायचं. मीही गेले. विकणारे गृहस्थ गोड बोलत होते. मामांनी गाडीभोवती एक चक्करसुद्धा मारली नाही. सरळ बॉनेटवर तळहात ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "आधीच तापवून ठेवलीय. उद्या सकाळी गार असताना दाखवा." मला काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं, की इंजिनाचे बरेचसे दोष गार असताना सुरू करतानाच दिसतात. धूर तेव्हा दिसतो, खडखड तेव्हा ऐकू येते. पोरगी दाखवताना आधीच पावडर लावून बसवतात, त्यातलाच प्रकार!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गेलो. गाडी सुरू केली आणि मागून निळसर धूर निघाला. निळा धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय. टर्बो म्हणजे काय, तेही मामांकडूनच कळलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा ढकलतो. म्हणून छोटं इंजिन मोठ्यासारखं पळतं. पण तो पंखा ऑइलच्या जिवावर फिरतो. वेळेवर ऑइल बदललं नाही, किंवा गाडी दामटून आणली आणि लगेच बंद केली, की त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा ती कुणी, कशी चालवली हे महत्त्वाचं. आणि पळणारी गाडी घेणारा माणूस ती पळवण्यासाठीच घेतो, नाही का?

मग कागलच्या दिशेने हायवेवर एक फेरी झाली. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, मलाही आवडली. पाय दाबला की पाठ सीटला टेकते. पोराचा चेहरा असा उजळला होता, की दहावीच्या निकालानंतर मी तो तसा पाहिला नव्हता. त्या क्षणी ठेव मोडायला मी तयार झाले होते. निर्णय अशा वेळी घेऊ नये, एवढंच शहाणपण सुचलं.

मामांनी अंदाज काढला. टर्बो, दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम, सस्पेन्शन, चारही टायर. पावणेदोन ते सव्वादोन लाख, तेही "उघडल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही" या बोलीवर. म्हणजे सव्वाचारची गाडी सहा-साडेसहा लाखांना पडणार. वर २०२९ साली पंधरा वर्षं भरली की नोंदणी वाढवून घेण्याची खटपट आणि पर्यावरण कर. मुलगा म्हणाला, "हळूहळू करू की काम." पण अशा गाडीचं काम हळूहळू करता येत नाही. ब्रेक आणि सस्पेन्शन 'पुढच्या पगाराला' म्हणून त्याच गाडीत हायवेवर जायचं, हे मला आई म्हणून मान्य नाही.

तरीही मी 'नाही' म्हटलं ते इंजिनासाठी नाही, कागदांसाठी. आरसी बुकावर नाव होतं पुण्याच्या पहिल्या मालकाचं. त्यानंतर गाडी दोन हातांतून फिरली होती, पण नोंद कुणीच बदलली नव्हती. "टीटीओ फॉर्मवर त्यांच्या सह्या आहेत ना," म्हणून गृहस्थांनी फाइल पुढे केली. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या!

ती फाइल बघून मला आमच्या गटातल्या एक ताई आठवल्या. त्यांच्या नावावर टेम्पो होता. नवऱ्याने तो विकला आणि अशाच कोऱ्या फॉर्मवर यांच्या सह्या घेतल्या. नाव बदलायचं एजंट 'करतो' म्हणाला आणि केलं नाही. पुढे त्या टेम्पोचा अपघात झाला, विमा संपलेला होता, आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस यांच्या दारात आली. ज्या गाडीत त्या कधी बसल्याही नव्हत्या! फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, की गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतं, आणि विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्जही १४ दिवसांत द्यायचा असतो. आपल्याकडे 'लक्ष्मीच्या नावाने' म्हणून कितीतरी गाड्या बायकोच्या नावावर असतात. म्हणून हे पुरुषांचं काम म्हणून सोडून देऊ नका. कोऱ्या कागदावर सही मागितली, तर मागणारा नवरा असला तरी हात आखडता घ्या.

चिरंजीव चार दिवस रुसले. जेवणाचं ताट खोलीत नेणं वगैरे सगळं झालं. मला वाईट वाटलंच. कारण कॉलेजला असताना मलाही एक जुनी लुना हवी होती, तेव्हा वडिलांनी "कशाला हवीय?" एवढं म्हणून विषय संपवला होता. हिशेब मांडून नाही म्हणाले असते, तर आज इतकं लक्षात राहिलं नसतं. त्यामुळे मी मुलाला "कशाला हवीय" म्हटलं नाही. वही घेऊन बसले आणि आकडे मांडले. हौस असू दे, पण तिचा चारापाणी आधी बाजूला ठेव, म्हटलं. जुनी पळणारी गाडी घेताना दुरुस्तीच्या अंदाजाइतके पैसे आणि वर त्याच्या निम्मे हातात नसतील, तर ती गाडी स्वस्त नसते. फक्त तिची सुरुवात स्वस्त असते.

पाचव्या दिवशी तो स्वतःच वही घेऊन आला. दुरुस्तीसाठी वेगळं आवर्ती खातं उघडलंय. वर्षभर त्यात पैसे टाकणार, रविवारी मामांच्या गॅरेजवर जाऊन काम शिकणार, आणि मग स्वच्छ कागदांची गाडी शोधणार. तोवर माझी ठेवही पुन्हा एका वर्षासाठी ठेवली आहे. ती मोडायला मी तयार आहे, पण एका अटीवर. गाडी आली की आधी मला चालवायला शिकवायची.