नितळ पाण्याचा सोस

रविवारची सकाळ ही शहरी मराठी घरात साफसफाईची वेळ. पंखे पुसले जातात, जळमटे निघतात, आणि ज्या घरात माशांची काचेची पेटी आहे तिथे तिचीही पाळी येते. मासे जाळीने बादलीत काढायचे, पेटी पार रिकामी करायची, खडे मोरीत नेऊन नळाखाली चोळून धुवायचे, काचेवर आतून साबणाचा हात फिरवायचा, फिल्टरमधला स्पंज पांढरा दिसेपर्यंत पिळायचा. मग नळाचे ताजे पाणी भरायचे आणि वर दुकानदाराने दिलेल्या निळ्या औषधाचे चार थेंब. दुपारी जेवायला आलेल्या पाहुण्यांनी वाहवा करावी अशी पेटी लखलखते. मंगळवारी किंवा बुधवारी त्यातला एक मासा पोट वर करून तरंगतो. ‘हे मासे फार नाजूक असतात हो’ असे म्हणून नवी जोडी आणली जाते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच सोहळा होतो.

या प्रकाराला मी निर्दयपणा म्हणणार नाही. उलट त्यात मायाच असते. आपल्याला घाण आवडत नाही तशी माशालाही आवडत नसणार, ही त्यामागची भाबडी समजूत. परंतु मासा मोरीतल्या भांड्यासारखा नसतो, आणि घरातले मासे घाणीने मरतात त्यापेक्षा अधिक अशा स्वच्छतेनेच मरत असावेत, असे माझे मत होऊन बसले आहे.

मराठीत पाण्याला किती नेमके शब्द आहेत पाहा. नितळ म्हणजे ज्यातून आरपार दिसते ते. निवळलेले म्हणजे ज्यातला गाळ खाली बसला ते. स्वच्छ वेगळे, शुद्ध वेगळे, निर्मळ आणखी वेगळे. पूर्वी गढूळ पाण्याच्या घागरीत आतून निवळीची बी घासत किंवा तुरटी फिरवीत. पाणी निवळे, परंतु ते निवळले म्हणून निर्धोक झाले असे नव्हे. पटकी नितळ पाण्यातूनही येते. हा धडा आपण पिण्याच्या पाण्याबाबत शिकलो, माशांच्या बाबतीत मात्र अजून डोळ्यावरच विसंबतो.

पेटीत नेमके घडते काय? मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि तळाशी कुजणारे अन्न त्यात भर घालतात. नदीत तो वाहून जातो. पेटीला ना उगम ना संगम, त्यामुळे मासा आपल्याच उत्सर्जनात पोहत राहतो. अमोनियाला रंग नाही. त्याने पाणी गढूळ होत नाही. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितके त्याचे विष जहाल. म्हणजे दख्खनच्या पठारावरचे बोअरचे जड पाणी आणि एप्रिल-मे महिन्यातला उकाडा, हा त्यासाठी अगदी जुळून आलेला योग. अशा पेटीतले पाणी हिऱ्यासारखे चमकत असते आणि मासे कल्ले भाजून मरत असतात.

यातून सुटका करणारे कोण, तर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. त्यांची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. हेही विषच आहे. ते माशाच्या रक्ताला तपकिरी करते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि ते मात्र बरेच सौम्य. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील अशा जिवाणूंचा छडा लावला, तेव्हा त्यांचा काचेच्या पेटीशी काही संबंध येईल असे त्याच्या मनातही नसेल. हे जिवाणू मुख्यतः पाण्यात तरंगत राहत नाहीत. खड्यांवर, काचेवर, वनस्पतींच्या पानांवर आणि सर्वांत दाट म्हणजे फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. स्पंजावरचा तो बुळबुळीत तपकिरी थर पाहून आपल्याला किळस येते. खरे तर पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच.

ही वसाहत नीट उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. दर रविवारी आपण ती नळाखाली धरतो, आणि नळाच्या पाण्यात तर जिवाणू मारण्यासाठीच क्लोरिन घातलेले असते. म्हणजे घर बांधायचे आणि सातव्या दिवशी पाडायचे. पेटी वर्षभर जुनी झाली तरी माशाच्या दृष्टीने ती कायम आठवड्याभराचीच. शिवाय ते क्लोरिन कल्लेही जाळते. ते घालवणे सोपे आहे. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे, किंवा हायपोचे दोन-चार खडे टाकावेत. हायपो म्हणजे जुन्या फोटोग्राफरच्या काळोख्या खोलीत असायचे तेच सोडियम थायोसल्फेट. पण सोसायटीच्या टाकीत किंवा टँकरमध्ये कोणी कधी किती ब्लीचिंग पावडर ओतली याचा आपल्याकडे हिशेब नसतो. त्यामुळे ‘आमच्याकडे गेली दोन वर्षे नळाचेच पाणी घालतो, काही होत नाही’ या वाक्याला तिसऱ्या वर्षी कधीतरी उत्तर मिळते.

गढूळपणालाही आपण एकाच मापाने मोजतो, तेही चूक. नव्या पेटीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधासारखी पांढुरकी झाक येते. गृहस्थ घाबरतो आणि पाणी बदलतो. नव्या पाण्यात ती झाक पुन्हा येते, गृहस्थ पुन्हा पाणी बदलतो. वास्तविक जास्तीच्या अन्नावर पोसलेल्या जिवाणूंचा तो लोंढा असतो. अन्न कमी करून हात बांधून बसले तर काही दिवसांत तो आपसूक ओसरतो. पण हात बांधून बसणे हे आपल्या स्वच्छतेच्या व्याख्येत बसत नाही.

हिरव्या पाण्याची तऱ्हा वेगळी. ते एकपेशीय शेवाळ असते आणि त्याला बोलावतो तो खिडकीतला ऊन्हाचा कवडसा. पेटी जागेवरून हलवली, दिवा सात-आठ तासच ठेवला, तर ते आटोक्यात येते. पाणपिसवा सोडल्या तर त्या हे शेवाळ फस्त करतात आणि मग मासे त्यांना फस्त करतात. गंमत अशी की ज्या हिरव्या पाण्याला आपण नाके मुरडतो ते गोल्डफिशची पैदास करणारे मुद्दाम राखतात, कारण त्यात पिल्लांना खायलाही मिळते आणि अमोनियाही शोषला जातो. गोल्डफिश मुळात चीनमधला. तिथे शतकानुशतके त्याला तळ्यात आणि चिनी मातीच्या कुंडांत ठेवून वरून पाहत. आरपार दिसणे ही काचेची हौस आहे, माशाची गरज नव्हे.

आणि तपकिरी पाणी? पेटीत लाकडाचा ओंडका ठेवला की पाण्याला चहाचा रंग चढतो आणि लगेच ‘पाणी खराब झाले’ असा पुकारा होतो. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीचे, म्हणजे काळ्या नदीचे, पाणी असेच पानांच्या अर्काने काळपट असते. आपण दिव्याखाली मिरवतो तो लाल-निळा कार्डिनल टेट्रा त्या नदीचा रहिवासी. फायटर मासा थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि डबक्यांतला. या दोघांना नितळ पाण्याचे कसले कौतुक? आपल्या रस्त्यांवर, कोकणात तर अंगणोअंगणी, देशी बदामाची झाडे आहेत. त्याची वाळलेली पाने पाण्यात टाकली की तोच रंग आणि तोच किंचित आम्लपणा मिळतो. सोसायटीचा झाडूवाला जी पाने गोळा करून जाळतो, तीच पाकिटात घालून फायटर पाळणाऱ्यांना विकली जातात. उलट आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या वाहत्या ओढ्यांमधला लाल पट्ट्याचा ‘मिस केरळ’ मासा खरोखरच स्वच्छ, खळाळत्या पाण्यातला. २०१३ साली त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी ‘सह्याद्रिया’ असे नाव दिले. शोभिवंत माशांच्या व्यापारापायी तो आज संकटग्रस्त यादीत आहे. म्हणजे ज्याला नितळ पाणी हवे त्याला आपण त्यातून उपसून काढतो आणि ज्याला नको त्याला नितळ पाण्यात कोंडतो.

घरगुती मत्स्यपेटीचा शास्त्रीय आरंभच मुळी गढूळ पाण्यापासून झाला. लंडनमधला रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४९ साली एका काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. ही वनस्पती आपल्या तळ्यांतही उगवते. मासे श्वास घेतील, वनस्पती प्राणवायू देईल, असा त्याचा हिशेब. परंतु जुनी पाने कुजू लागली, काचेवर शेवाळ आले आणि पाणी गढुळले. वॉरिंग्टनने पाणी फेकले नाही. त्याने विचार केला की तळ्यात हे काम कोण करते, आणि काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी सडकी पाने खाल्ली, पाणी निवळले, गोगलगायींची अंडी माशांनी खाल्ली. १८५० साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या हिशेबाने त्यात उणिवा आहेत. जिवाणूंचा भाग त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण पाणी स्वच्छ करायचे ते पाणी बदलून नव्हे, तर त्यात कोणता जीव कमी आहे ते शोधून, ही दृष्टी त्याची. पुढे १८५४ साली फिलिप गॉस याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडात घरोघरी पेट्यांची लाट उसळली. हौशी मंडळींनी समुद्रकाठची खडकांमधली डबकी अक्षरशः ओरबाडली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत या विध्वंसाबद्दल खेद नोंदवला आहे.

मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी असे मासे प्रथम पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. तिथून परतताना मुलाने हट्ट धरला की बापाने क्रॉफर्ड मार्केट गाठायचे आणि गोल काचेचे भांडे, एक गोल्डफिश आणि डबीभर खाद्य घेऊन यायचे. त्या भांड्यात ना फिल्टर ना वनस्पती. ते स्वच्छ ठेवायला रोजच पाणी बदलावे लागते आणि रोजच्या त्या धक्क्याने मासा महिन्याभरात जातो. आपल्याकडे गोल्डफिशचे आयुष्य तेवढेच असते असा समज रूढ आहे. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-वीस वर्षे सहज काढतो. रोम शहराने २००५ साली असल्या गोल भांड्यांवर बंदीच घातली, तेव्हा आपल्याकडच्या वृत्तपत्रवाचकांना ती ‘जगाच्या पाठीवर’ छापाची गमतीची बातमी वाटली असणार.

दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. मासे न मरू देणारा सल्ला दिला तर त्याचा धंदा कसा चालायचा? पाणी फटकन चमकवणारी द्रावणे तो विकतो. ती करतात काय, तर तरंगणारे कण एकत्र आणून खाली बसवतात किंवा फिल्टरमध्ये अडकवतात. तुरटीचेच शहरी भावंड म्हणा. अमोनिया जिथल्या तिथे राहतो. पण गिऱ्हाईकही तेच मागते. त्याला मासे हवे असतात ते दिवाणखान्यातल्या चित्रासारखे, किंवा वास्तू-फेंगशुईच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे अमुक दिशेला ठेवलेल्या वस्तूसारखे. त्या शास्त्रात तर सोयच आहे. मासा मेला की घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले असे मानायचे. अमोनियाला इतके सोज्ज्वळ नाव दुसऱ्या कोणी दिले नसेल!

तर मग काय शेवाळलेल्या, वास मारणाऱ्या पेट्या घरात मिरवायच्या? तसे कोणी म्हणत नाही. कुबट वास मारणारे पाणी माशालाही नकोच असते. मुद्दा एवढाच की नितळपणा हा पेटीच्या प्रकृतीतून आपोआप यावा लागतो. तो वरून चोपडता येत नाही. मासे कमी ठेवावेत. अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे, कारण भुकेने मेलेला पाळीव मासा मी अजून पाहिलेला नाही. आठवड्याला पाव पेटी पाणी नळीने तळातून ओढून घ्यावे आणि तितकेच मुरवलेले, त्याच तापमानाचे पाणी घालावे. गच्चीवरच्या टाकीतले मे महिन्यातले कढत पाणी तर नकोच. स्पंज फार तुंबला तर पेटीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलका पिळावा. साबण पेटीच्या आसपासही फिरकू देऊ नये. दहा मिनिटांचे काम. त्यात रविवारची घनघोर लढाई नाही, म्हणून ते कोणाला खरे वाटत नाही.

याऐवजी लोक ‘काच साफ करणारा मासा’ आणतात. बोटाएवढा, काळा, काचेला तोंड चिकटवून बसणारा सकर. तो दक्षिण अमेरिकेतला, हा बोटभर मासा दीड फुटांपर्यंत वाढतो आणि स्वतःच घाण करणाऱ्यांत पहिला नंबर पटकावतो. मग मारवत नाही म्हणून त्याला जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडले जाते, पुण्य पदरात पडते. ही दया फार महागात पडली आहे. तो देशभरच्या पाण्यांत पसरला, गंगेत सापडला, आपल्या उजनीच्या जलाशयातही कोळ्यांच्या जाळ्यात येऊ लागला. त्याचे काटेरी पर जाळी फाडतात, तो काठ पोखरून बिळे करतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दिवाणखान्याची काच चमकावी म्हणून आणलेल्या माशाची किंमत इंदापूर-करमाळ्याचा कोळी चुकवतो.

राहता राहिला प्रश्न त्या काढलेल्या पाव पेटी पिवळट पाण्याचा. ते मोरीत ओतू नये. त्यात औषध किंवा मीठ घातलेले नसेल, तर नायट्रेटमुळे ते कुंड्यांना खतासारखे लागू पडते. मनीप्लँटला घालून पाहावे.