पान कुणी ठरवायचं?



जोगेश्वरी पूर्वेच्या वस्तीतल्या आमच्या शनिवारच्या गटात गेलं वर्षभर एक पुस्तक तयार होतं आहे. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचायचं नाही. गोष्ट एका बाईची, पण ती बाई म्हणजे वाचणारी स्वतः. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. नवऱ्यानं तुम्हाला बाहेर काढून आतून कडी लावली आहे. मुलगी आत झोपली आहे. शेजारणीचं दार वाजवणार असाल तर १७ वर जा, चौकीवर जाणार असाल तर ३२ वर, तिथंच पायरीवर बसून राहणार असाल तर ९ वर. अशी सगळी मांडणी. इंग्रजीत याला गेमबुक म्हणतात. गटातल्या बाया 'वाटांचं पुस्तक' म्हणतात, आणि आता आमच्याही तोंडी तेच बसलं आहे.

संपादकीयासाठी हा विषय घेतला तो पुस्तकाचं कौतुक करायला नव्हे. ते छापायचे पैसे कसे उभे करायचे, यावरून गेले सहा महिने आमच्यात जे वाद झाले ते तुमच्यापुढे ठेवावेसे वाटले. चर्चा पैशांची म्हणून सुरू झाली आणि फार लवकर वेगळ्याच प्रश्नाशी येऊन थांबली : पुस्तकात कुठली वाट छापायची आणि कुठली नाही, हे ठरवणार कोण?

आधी, असलं पुस्तक हवंच कशाला? आपण सगळ्याजणी शिबिरं घेतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, घर कुणाच्याही नावावर असो, बाईला राहत्या घरातून असं हाकलून देता येत नाही, हे आपण फळ्यावर लिहून सांगतो. बाया मान हलवतात. आणि रात्री साडेअकराला पायरीवर बसून राहतात. कायदा कानात जातो, पायांत उतरत नाही. कारण त्या क्षणी बाईपुढे कायदा नसतो, दोन-तीन दारं असतात आणि त्यामागे काय आहे ते तिला माहीत नसतं. सापशिडीत निदान फासे तरी टाकायचे, घर निवडायचं नसतं. आणि आपल्या कितीतरी बाया संसाराकडे तसंच बघतात. पडेल ते दान. या पुस्तकात मात्र दार उघडून पाहता येतं, चुकलं तर मागे येता येतं. गटात एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्या हात वर करून वाट ठरवतात. ज्या मावशींना अक्षरओळख नाही त्याच सर्वांत जास्त भांडतात.

या प्रकारचं जे फार जुनं पुस्तक माहीत आहे ते १९३० साली अमेरिकेत निघालं, आणि ते लिहिलं होतं दोन बायांनी : डॉरिस वेब्स्टर आणि मेरी ॲल्डन हॉपकिन्स. नावाचा अर्थ साधारण 'परिणामांचा विचार करा' असा. हेलन नावाच्या तरुणीनं दोघांपैकी कुणाशी लग्न करायचं, इथून ते सुरू होतं आणि पुढचा निर्णय वाचणारीवर सोडतं. पुढे १९७९ नंतर या प्रकाराला मोठा धंदा मिळाला तो मुलांच्या साहसकथांमुळे, गुहा आणि राक्षसांमुळे. पण मुळाशी बाईच्या लग्नाचा प्रश्न होता, हे आम्हाला बरंच सूचक वाटलं.

आता पैशांकडे येते. पुस्तक ९६ पानांचं, म्हणजे सोळा पानी सहा फर्मे. पान कमी-जास्त झालं तर सुटं एक पान काढता येत नाही, फर्म्याचा हिशेब बिघडतो. त्यात दुवे पानांच्या क्रमांकांना बांधले तर अक्षरजुळणीत एक परिच्छेद सरकला की अर्ध्या वाटा चुकतात. हा धडा आम्ही एकदा पूर्ण जुळणी फुकट घालवून शिकलो. मग परिच्छेदांनाच क्रमांक दिले, ८८. समाजमंदिराच्या फरशीवर ८८ कागद पसरून एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत दोरे लावले. तीन कागदांकडे कुठलाच दोरा येत नव्हता आणि एका वाटेवरून बाई गोल फिरून पुन्हा त्याच पायरीवर येत होती. तो गोल आम्ही तसाच ठेवला आहे. तो खरा आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफा-उलाढालीच्या वर असलेल्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के हिस्सा सामाजिक कामावर खर्च करायला लावलं आहे. अशा एका निधीकडे आम्ही गेलो. (नाव देत नाही, तो मुद्दा नाही.) माणसं सभ्य होती, कल्पना आवडली, सगळा खर्च उचलायची तयारी होती. फक्त दोन सूचना आल्या. ३२ क्रमांकावर चौकीतला माणूस 'घरातलं भांडण आहे, सकाळी या' म्हणतो, तो परिच्छेद काढावा, नकारात्मक संदेश जातो. आणि घर कायमचं सोडण्याची वाट शेवटपर्यंत नेऊ नये, समुपदेशनापाशी थांबवावी.

आता बघा. तो कायदा वाचला तर कलम ५ प्रमाणे तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचे हक्क सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. हे बाईला ठाऊक हवं असेल तर आधी 'सकाळी या' हे शब्द पुस्तकात हवेत. त्या शब्दांना उत्तर काय द्यायचं, हाच तर त्या वाटेचा पुढचा टप्पा. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली महापालिका आणि सेहत यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढलं. ही दारं पुस्तकात आहेत. ती का काढावी लागली हेच गाळलं, तर उरतं ते माहितीपत्रक. आम्ही पैसे नाकारले. सोपं नव्हतं, एका सहकारिणीचं मत अजूनही असं आहे की दोन परिच्छेदांसाठी पाच हजार प्रती घालवल्या.

मग ठरलं, वर्गणी काढायची. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. या क्षेत्रातलं गाजलेलं उदाहरण २०१२ चं : रायन नॉर्थ या कॅनडातल्या लेखकानं 'हॅम्लेट'वर असंच वाटा निवडायचं पुस्तक लिहिलं, ज्यात वाचणाऱ्याला ऑफेलियाही होता येतं. वीस हजार डॉलर हवे होते, पंधरा हजारांहून जास्त लोकांनी मिळून पाच लाख ऐंशी हजार दिले. आमच्या तरुण मुली हे उदाहरण फार रंगवून सांगतात. पण आपल्याला हे नवं नाही. 'मंथन' हा चित्रपट १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून झाला. मराठीत प्रकाशनपूर्व सवलत ही जुनी रीत. 'ग्रंथाली' वाचकांच्या सभासदत्वावर उभी राहिली आणि १९७८ साली 'बलुतं' तिथून आलं.

सर्वांत जवळचं वाटलं ते अजमेर जिल्ह्यातलं 'शरीर की जानकारी'. खेड्यांतल्या ७५ बायांनी कार्यशाळांतून केलेलं हे हिंदी पुस्तक 'काली फॉर विमेन'नं १९८९ साली छापलं. पहिल्या खर्ड्यात नग्न शरीराची चित्रं होती. गावात दाखवली तेव्हा बाया म्हणाल्या, आमच्याकडे अशी उघडी बाई कुणी बघतच नाही, हे खोटं आहे. म्हणून चित्रातल्या बाईला पूर्ण कपडे घातले आणि कागदाची झडप केली. घागरा उचलला की आतलं शरीर दिसतं. म्हणजे वाचणारीनं हात लावायचं पुस्तक! आणि छपाईआधीच बहुतेक प्रतींची गावांतून नोंदणी झाली होती. ज्या बाया पैसे देणार होत्या त्यांनीच चित्र बदलायला लावलं.

हे वाचून आम्ही खूश झालो आणि मग आमच्यावरच पाळी आली.

गटातल्या बायांनी वीस-वीस रुपयांचे हप्ते सुरू केले. वही ठेवली, पावत्या फाडल्या. आणि तिसऱ्या हप्त्याला एक भाभी म्हणाल्या, मी बारा वर्षांपूर्वी नवऱ्याकडे परत गेले. आणखी दोनदा मार बसला, मग नाही बसला. पोरं शिकली. माझं पान कुठाय? आम्ही कागद पाहिले. आमच्या पुस्तकात परत जाणारी प्रत्येक बाई मार खात होती. पाच वाटा, पाचही तशाच संपणाऱ्या. हे कुणी ठरवलं होतं? निधीवाल्यांनी नाही. आम्ही.

यावर तीन बैठका झाल्या. एक बाजू म्हणते, हे पान छापलं की उद्या प्रत्येक सासू ते उघडून दाखवेल. यात तथ्य आहे. आपण सगळ्यांनी ते ऐकलं आहे. दुसरी म्हणते, वस्तीतल्या बहुसंख्य बाया परतच जातात, त्यांच्यापुढे फक्त मार छापला तर त्या पुस्तक मिटतील. माझं मत सांगते : पान हवं. पण नवऱ्याला पश्चात्ताप झाला असं लिहून नको. भाभींना विचारलं तेव्हा कळलं, परत जाताना त्यांच्याकडे चौकीतल्या एन.सी.ची प्रत होती, डब्यांच्या कामाचे स्वतःचे पैसे होते आणि घराची एक चावी शेजारच्या खालांकडे ठेवलेली होती. त्या चावीला एक वेगळा क्रमांक मिळायला हवा. ज्या दोघी मैत्रिणींना हे मान्य नाही, त्यांचा लेख पुढच्या अंकात असेल.

वर्गणीनं सगळं सुटतं असं मात्र कुणी समजू नये. देणाऱ्या अनेक झाल्या की दडपणंही अनेक होतात. जोगेश्वरीनं जानेवारी १९९३ पाहिला आहे. पुस्तकातली शेजारीण कुठल्या धर्माची असावी यावरून आमच्याकडे दोन वर्गण्या परत मागितल्या गेल्या, त्या दिल्या. आणि इतिहासात पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहेच : १८८७ साली फिलाडेल्फियात निघालेल्या पुस्तकानं आणि अमेरिकेतल्या मंडळांच्या वार्षिक वर्गणीनं शारदा सदन उभं राहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात इथल्या सल्लागारांनी राजीनामे दिले तेव्हा दूरच्या त्या वर्गणीमुळेच सदन टिकलं. पण धर्मशिक्षणाबद्दल काय करावं याची मतं त्या दूरच्या मंडळींनाही होतीच.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे. कुणाही एकीची वर्गणी पाचशे रुपयांच्या वर घ्यायची नाही, आणि वर्गणीदाराला कुठल्याही परिच्छेदावर हरकत घेता येईल, काढायला सांगता येणार नाही. हरकतीला उत्तर म्हणून नवी वाट जोडता येईल. संकेतस्थळावरची मोहीम तूर्त बाजूला ठेवली आहे, त्यात कमिशन जातं आणि परदेशी नागरिकांची देणगी एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही. मध्यंतरी १ जुलै २०२४ पासून ४९८अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलं, त्यामुळे पाच परिच्छेद नव्यानं लिहावे लागले, तोही खर्च आहेच.

प्रकाशनपूर्व किंमत ८० रुपये, नंतर १२०. पहिली आवृत्ती एक हजाराची. सहाशे नोंदी झाल्या की कागद घेऊ. गटांनी दहा प्रती एकत्र नोंदवल्यास खर्ड्याची एक झेरॉक्स आधी पाठवू. ती वस्तीत मोठ्यानं वाचा आणि बाया कुठल्या क्रमांकावर अडखळल्या ते समासात लिहून परत करा. परत जाण्याच्या वाटेचा, म्हणजे ४१ क्रमांकाचा कागद अजून कोरा आहे. त्यावरची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, नेहमीच्याच जागी, पण चारऐवजी साडेपाचला. चारला पाणी येतं.