पाटीपूजन आणि भाताचा राब

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि त्याच सुमारास आपल्या पालघर, बोईसर, तारापूर भागात भाताचा राब पेरायची घाई असते. पोर पहिलीत बसले की मांडव, डीजे, गावजेवण! कारखान्यात कायम नोकरी असलेल्याला ते झेपते. एका भातपिकावर जगणाऱ्याने त्याची बरोबरी कशाला करावी? बियाणे-खताचे पैसे मांडवात गेले, की वीटभट्टीची उचल घ्यावी लागते. दिवाळी सरली की बिऱ्हाड भट्टीवर, आणि ज्याच्यासाठी मांडव घातला ते पोरही सोबत.

हौस करूच नका, असे नाही. आधी राबाचा खर्च बाजूला काढा. हेक्टरभर लावणीला १० गुंठे राब पुरतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बी बुडवा, तरंगलेले पोचट काढा, उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मग खुशाल घरच्या तांदळाची खीर आणि पाटीपूजन होऊ द्या. पुस्तके विकत घेऊ नका, जिल्हा परिषद शाळेत ती मोफत मिळतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी गुरे राखणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणात नेली. आपल्याला तर पोर नुसते गावात ठेवायचे आहे. तेव्हा खिरीच्या पंगतीतच आजीला विचारा, "आम्ही भट्टीवर गेलो तर याला तुझ्याकडे ठेवशील का?" तिच्याकडे तांदूळ किती ठेवून जायचे, तेही तिथेच बोलून घ्या.