कावळ्याची बाजू

आपल्या भाषेने कावळ्यावर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही पाखरावर केलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पाळण्यातून उतरतो न उतरतो तोच आपल्याला गोष्ट सांगण्यात येते ती चिऊताईची. तिचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे! वस्तुतः कावळ्याच्या घरट्यात शेणाचा पत्ता नसतो. काटक्या आणि शहरात मिळाल्या तर तारासुद्धा एकमेकांत अडकवून तो घरटे बांधतो. त्याच घरट्यात कोकिळा गुपचूप अंडी घालते आणि तिची पिल्ले कावळा भरवतो. फसवणारीचे काव्यात कौतुक आणि पोसणाऱ्याची मात्र टवाळी! आणि ज्या पंचमावर आपण लुब्ध होतो तो कोकिळेचा नसून नराचा असतो, हेही आपण कधी पाहिलेले नसते.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण पाठ केली, पण तिच्यावर विश्वास कोणी ठेवला? इंग्लंडमध्ये २००९ साली कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांपुढे काचेची नळी ठेवली. तळाशी थोडे पाणी, त्यावर तरंगणारी अळी. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणले आणि लहान खड्यांपेक्षा मोठे खडे पसंत केले. न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे झाडांतील किडे काढण्यासाठी काटक्यांचे आकडे स्वतः तयार करतात, हे १९९६ साली जगापुढे आले. अमेरिकेत सिएटल येथे २००६ साली संशोधकांनी एक मुखवटा घालून सात कावळे पकडले व सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करीत. ज्यांना कधी पकडलेच नव्हते तेही त्यात सामील होत!

पण दूर कशाला जावे? उपाहारगृहामागच्या नळाशी पाच मिनिटे उभे राहा. वाळलेली पोळी डबक्यात बुडवून, मऊ करून खाणारा गावकावळा तेथे दिसेल. गडावर शिदोरी सोडली की थोड्या अंतरावर येऊन बसणारा काळाभोर डोमकावळा आपले निरीक्षण करीत असतो. आपण मात्र त्याचे करीत नाही.

कोणी म्हणेल, कावळा दुसऱ्यांची अंडी-पिल्ले पळवतो, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. आपला गावकावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला नेण्यात आला; तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला आणि तेथल्या पाखरांना जाचक ठरला. केनियाच्या वन्यजीव खात्याने २०२४ साली दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. परंतु त्याला तेथे नेले कोणी? उकिरड्यांवर पोसले कोणी? माणसानेच ना!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कावळ्याला उंदरांच्या पंगतीला बसवून उपद्रवी ठरवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द झाली. कायद्याने आपले मत बदलले; आपण कधी बदलणार?

पितृपक्षात आपण पानावर घास वाढून 'काव काव' अशी आर्जवी हाक मारतो. पिंडाला कावळा शिवला नाही की मृताची कोणती इच्छा राहिली याचा खल होतो, आणि अखेर दर्भाचा कावळा करून वेळ भागवली जाते. मला वाटते, प्रश्न मृताच्या इच्छेचा नसून जिवंतांच्या वागणुकीचा आहे. चेहरे ओळखणारा, वैर लक्षात ठेवणारा हा पक्षी. वर्षभर त्याला दगड मारायचे, त्याचे झाड तोडायचे आणि पंधरवडाभर त्याने बोलावल्याबरोबर यावे, ही अपेक्षा शहाण्याची म्हणावी काय?

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. शब्द हे आपले भांडवल. पण म्हणी पाठ केल्या म्हणजे जग कळले असे नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याचा नसतो, हे ती म्हणच सांगते. तरीही आपण पाखरांबद्दल, आणि खरे तर माणसांबद्दलही, ऐकीव शब्दांवरून निवाडा देऊन मोकळे होतो. काळा रंग, कर्कश आवाज, उष्ट्यावरचे जिणे एवढ्यावरून ज्यांना आपण हलके ठरवले, ते सगळेच काही पंख असलेले नसतात. तेव्हा निवाडा देण्यापूर्वी निदान एकदा डोळे उघडून पाहावे, एवढीच कावळ्याच्या वतीने विनंती!